श्रुतिकेतील गुप्तहेर आणि विनोदाचे मूळ

गॅरिसन कीलर यांच्या १९७४ साली सुरू झालेल्या ‘अ प्रेअरी होम कम्पॅनिअन’ या अमेरिकन नभोवाणी-कार्यक्रमातील गाय न्वार हा खासगी गुप्तहेर म्हणजे डॅशिल हॅमेटच्या परंपरेचे विडंबन, असे सहज म्हटले जाते. हे मत अपुरे आहे. हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’ (१९३०) ही तृतीयपुरुषी कादंबरी. सॅम स्पेडच्या मनात काय चालले आहे, हे निवेदक सांगत नाही. त्याचे मौन हेच त्याचे काठिण्य. नभोवाणीवर मौन टिकत नाही. १९४६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत हॉवर्ड डफच्या आवाजातील स्पेड आपली चिटणीस एफी हिला प्रकरणाचा वृत्तान्त तोंडी सांगून लिहवून घेतो. अबोल नायक असा कथेकरी झाला आणि त्यासरशी मिश्कीलही झाला. खोली, पाऊस, प्रेत, सारे त्यालाच शब्दांनी उभे करावयाचे, तेव्हा वर्णन फुगणारच! विनोदाचे बीज विडंबनकाराच्या आधी माध्यमानेच पेरले होते.

कीलर यांनी शब्दकळा तशीच भारदस्त ठेवून गुन्हा तेवढा लहान केला. सेंट पॉलमधील अ‍ॅक्मी बिल्डिंगच्या बाराव्या मजल्यावरून न्वार जीवनातील चिरंतन प्रश्नांचा शोध घेतो. वाट्याला येतात ती क्षुल्लक प्रकरणे. दाराचे, पावलांचे आवाज टॉम कीथ मंचावरच काढीत. सभागृह ती क्लृप्ती पाहून हसे आणि दूरचा श्रोता ते हसू ऐके. रॉबर्ट ऑल्टमनच्या २००६ च्या चित्रपटात केव्हिन क्लाइनचा न्वार त्याच कार्यक्रमाचा सुरक्षा-अधिकारी होऊन प्रत्यक्ष दिसू लागतो. तेथे त्याच्या उपमांना पूर्वीचे काम उरत नाही.