मालवणचा तळ आणि डहाणूचा गाळ
(द्वितीय वर्ष कला)

डहाणूचा किनारा हाकेच्या अंतरावर असताना समुद्राचा तळ पाहण्यासाठी आम्हां चार विद्यार्थ्यांना थेट मालवण गाठावे लागले. असे का, याचा भूगोलाच्या अंगाने शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच. पोहायला शिकलो तो कुर्झे धरणाच्या पाण्यात. समुद्राशी माझा संबंध म्हणजे बाजारातले सुके बोंबील! तेव्हा समुद्रावर मी लिहावे, हे वर्गातल्या मांगेला मित्रांना धाडसाचे वाटेल. पण त्यांच्यापैकीच एकाच्या आईने मला पुढे बरेच शिकविले. ते ओघाने येईलच.

दिवाळीच्या सुट्टीत चिकूच्या वाड्यांमध्ये काम करून आम्ही पैसे जमविले आणि डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी निघालो. कुडाळपर्यंत रेल्वे, पुढे एस.टी. हिवाळा निवडण्यास कारण आहे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे हा व्यवहार बंदच असतो. पाऊस सरला, नद्यांचे गढूळ पाणी ओसरले, की वाळू-माती हळूहळू खाली बसते आणि पाणी निवळते. सकाळी वारा जमिनीकडून असतो, त्यामुळे लाटाही कमी.

होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूने खडकांकडे गेली. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले, त्याच्या आसपासचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. किल्ला सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या तटाखालच्या पाण्यात अभयारण्य आहे, हे आमच्या होडीतल्या निम्म्या पर्यटकांना माहीत नव्हते.

पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नव्हे. त्यात आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. ती श्वासागणिक आणि सभोवारच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात सोडणारी झडप १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी सिद्ध केली. दाबाचे गणित सोपे आहे. दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्मे. म्हणूनच वर येताना श्वास कोंडून धरायचा नाही. फुप्फुसातली हवा फुगते व इजा होते. बॉईलचा नियम मी शाळेत घोकला होता, पण तो माझ्या कानाच्या पडद्यावर येऊन बसेल असे वाटले नव्हते. नाक चिमटीत धरून हळूच हवा दाबली की कान मोकळे होतात. आणखी एक गंमत: आपण ‘उत्तम’ म्हणून अंगठा वर करतो, त्याचा पाण्याखाली अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. आमच्यातला एक जण असा तीनदा वर आला!

पाच-सहा मीटरांवर तांबडा रंग जवळजवळ नाहीसा होतो; माझा लाल शर्ट तपकिरी-करडा दिसू लागला. समोर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आणि खडकाला बिलगलेले प्रवाळ. प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे; तो प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि प्रवाळाला देते. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी दीर्घकाळ तापले तर हे शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरे पडते. गोलसर प्रवाळाचा गड्डा वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे मी पाहिलेला घागरीएवढा गड्डा माझ्याहून वयाने वडील असणार. असे असता काही होड्या नांगर कुठेही टाकतात, मासे जवळ यावेत म्हणून पाव फेकतात. आमच्याही होडीने तेच केले. पर्यटकांना ते आवडले. मला आवडले नाही.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर ‘आंग्रे बँक’ नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला दिले आहे. त्याचा माथाच मुळी वीस मीटर खोल. तरी तिथे प्रवाळ आहे, कारण पाणी स्वच्छ असल्याने प्रकाश तिथवर पोचतो. प्रकाश हीच सगळी गोम आहे.

आता डहाणूकडे वळू. आपल्या उत्तरेस खंभातचे आखात. त्यात नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या गाळ आणून ओततात. शिवाय उधाणाला आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरांच्या आसपास जातो, मालवणला तो याहून बराच कमी. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर धावते तेव्हा तळाचा गाळ बसायला उसंतच मिळत नाही. मुखवटा लावून इथे उतरले तर स्वतःचा हात दिसणे कठीण. म्हणून ‘आपल्याकडे पाहण्यासारखे काय आहे, नुसता चिखल’ असे आपणच म्हणतो.

परंतु ज्या ओहोटीमुळे पाणी गढूळ होते, तीच ओहोटी तळ उघडा करते, हे आपण विसरतो. पौर्णिमेनंतर वाढवणच्या खडकांवर मित्राच्या आईबरोबर गेलो. नळकांडे नको, होडी नको. पायांत जुनी चप्पल पुरे. खाचांत साठलेल्या पाण्यात खेकडे, कोळंबीची पिले, शंख, आणि बोट लावताच आक्रसणारी समुद्रफुले. मावशी कोयत्याच्या टोकाने कालवे सोडवीत होत्या. कुठल्या खाचेत काय सापडते आणि कुठल्या महिन्यात तिथे हात घालायचा नाही, हे त्यांना तोंडपाठ. मालवणला वाटाड्याने मला वीस मिनिटांत जे दाखविले, त्यापेक्षा अधिक त्यांनी दोन तासांत दाखविले, तेही फुकट.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ साली नेमलेल्या प्राधिकरणाने वाढवण बंदराला १९९८ मध्ये नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. आराखड्यात समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत आहे. बंदरातून रोजगार येईल असे आमच्या पाड्यावरची मुले आशेने बोलतात. तीही चुकीची नव्हेत. पण भरतीच्या प्रवाहात एवढी भिंत उभी राहिली की गाळ बसण्याच्या जागा बदलणार, हे भूगोलाचा विद्यार्थी म्हणून मला दिसते. तो गाळ त्या खाचांत बसला तर कालवे राहतील का, असे मी मावशींना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. पाणी चढू लागले होते, टोपली उचलून त्या निघाल्या. पुढल्या अमावस्येला वही घेऊन ये, नावे सांगते, एवढे मात्र त्या म्हणाल्या.