फ्रँचायझीचा जोडधंदा : आधी हिशेब मांडा



उसाचे बिल हाती आले की "एखाद्या नामवंत कंपनीची फ्रँचायझी घेऊ का?" अशी विचारणा गट ऑफिसात होते. फ्रँचायझीत नाव आणि माल कंपनीचा. जागा, भांडवल अन् राबणूक आपली.

अमूलच्या साध्या दुकानाचे उदाहरण घेऊ. सुरुवातीचा खर्च सुमारे २ लाख रुपये. छापील किमतीवर कमिशन पिशवीच्या दुधाला सरासरी २.५ टक्के, दुग्धपदार्थांना १० टक्के, आइस्क्रीमला २० टक्के. म्हणजे ६० रुपयांच्या पिशवीमागे दीड रुपया. रोज १०० पिशव्या खपल्या तरी महिन्याला ४,५०० रुपये. त्यात गाळ्याचे भाडे, फ्रीजचे वीजबिल आणि नोकराचा पगार बसतो का, ते बघा. खरी मिळकत आइस्क्रीमवर. ते खपते एसटी स्टँड, शाळा-कॉलेजापाशी, वस्तीवर नव्हे.

तेव्हा गाळा स्वतःचा आणि गल्ल्यावर घरचे माणूस असेल, तरच या धंद्यात पडावे. सोसायटीचे पीककर्ज त्यात घालू नये. अमूलच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून लोकांना फसविल्याचे प्रकार झाले आहेत. फोनवर कोणी आगाऊ पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

— ऊस विकास अधिकारी