पानाची मांडणी आणि व्यापाऱ्याची पत

दुकानात माल कसा मांडावा हे आम्हां व्यापाऱ्यांस कोणी शिकवावे लागत नाही. मागणीचा माल दर्शनी, एका जातीचा माल एका फळीवर आणि गिऱ्हाइकास उभे राहण्यापुरती मोकळी जागा, हा आपला नित्याचा परिपाठ. परंतु तेच आम्ही छापखान्यात गेलो की पैसे मोजलेल्या पानाचा एकही कोपरा रिता राहू देत नाही. वस्तुतः छापील पानाचे नियम दुकानाच्या नियमांहून निराळे नाहीत.

पहिला नियम प्राधान्याचा. पानावर एकच गोष्ट सर्वांत ठळक असावी. पेढीचे नाव, माल, भाव आणि पत्ता ही चारही जाड टाइपात घातली, तर चौघे एकदम बोलू लागल्यासारखे होते व वाचणारा कोणाचेच ऐकत नाही.

दुसरा नियम सान्निध्याचा. परस्परसंबंध असलेल्या गोष्टी जवळ असाव्यात. आमच्याच एका दरपत्रकात ‘वाहतूक व हमाली वेगळी’ हा खुलासा तळाशी बारीक टाइपात गेला होता. बीजक हाती पडताच एका जुन्या गिऱ्हाइकास आपण फसविले गेलो असे वाटले. आम्ही खोटे लिहिले नव्हते; परंतु खरे जेथे दिसावे तेथे लिहिले नव्हते. ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही.

तिसरा नियम रेषेचा. खातेवहीत आपण एकंखाली एकं, दहंखाली दहं लिहितो, म्हणून बेरीज चुकत नाही. तद्वत दरपत्रकातील आकडे उजव्या कडेस व मालाची नावे डाव्या कडेस सरळ रेषेत यावीत.

चौथा नियम मोकळ्या जागेचा. देवनागरीच्या मात्रा शिरोरेषेच्या वर व उकार खाली जातात. म्हणून ओळींत पुरेसे अंतर हवे. कल्पसूत्राच्या ताडपत्री प्रतींत दोरा ओवण्याच्या छिद्राभोवती जागा कोरी ठेवीत. पुढे कागद आला, दोऱ्याची गरज सरली; तरी पश्चिम भारतातील लेखकांनी कागदी पोथ्यांतही ती जागा कोरी राखली किंवा तेथे रंगीत ठिपका काढला. कोऱ्या जागेने पानास येणारी शोभा त्यांनी ओळखली होती.

हिशेबच मांडावयाचा, तर २१० × २९७ मिलिमीटरच्या ए-फोर पानास चहूंकडून २० मिलिमीटर समास सोडल्यास सुमारे तीस टक्के पान कोरे राहते. हा तोटा नव्हे; उरलेले सत्तर टक्के वाचले जावे म्हणून घातलेले ते भांडवल होय.

व्यापारी बंधूंनी एवढेच करावे: छापण्यापूर्वी प्रूफ हातभर दूर धरून डोळे किंचित मिटून पाहावे. प्रथम जे नजरेत भरेल, तेच गिऱ्हाइकाच्याही भरेल. ते आपणांस सांगावयाचे तेच असेल, तर खुशाल छापावयास द्यावे. नसेल, तर शब्द कमी करावेत. दुकानात शिरण्यापूर्वी गिऱ्हाईक आपले पान वाचते आणि आपली पत तेथूनच जोखू लागते.