विसार आणि उंदीर धरणारा

वाचावयाचे भाग : 2 करिंथ 1:21-22, 5:5, इफिस 1:13-14

काही वर्षांपूर्वी रोम 1:16 वर बोलताना आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले की, 'सामर्थ्य' याला मूळ ग्रीक शब्द 'दुनामिस' आहे, त्यावरूनच 'डायनामाइट' आला. तेव्हा सुवार्ता ही सुरुंगच होय! मंडळी खूश झाली. बाहेर पडताना संडे स्कूलमधील एका मुलाने विचारले, "काका, पौलाच्या काळी डायनामाइट होता का?" नव्हता. नोबेलने तो 1867 साली केला. शिवाय सुरुंग मोडतोड करतो, आणि पौल तर तारणाविषयी लिहीत होता. तेव्हापासून आम्ही ग्रीक कोश जरा जपून उघडतो.

पुष्कळ शिक्षकांजवळ स्ट्राँगची शब्दसूची (1890) असते. वचन शोधण्यास ती उत्तम. पण तिच्यातील शब्दार्थ त्रोटक आहेत व पुढे इंग्रजी भाषांतरातील शब्दांची यादी असते. त्या यादीतून आवडेल तो अर्थ उचलणे हा अभ्यास नव्हे. थेयरचा कोश (1886) परिश्रमपूर्वक केलेला आहे, परंतु त्यानंतर इजिप्तच्या वाळूतून पपायरसचे ढीग निघाले. ग्रेनफेल व हंट यांनी 1896-97 च्या हिवाळ्यात ऑक्सिरिंकस येथील उकिरडे खणले, तेव्हा पावत्या, करार, अर्ज, घरगुती पत्रे हाती आली. नव्या कराराची भाषा ही त्या काळच्या साध्या माणसांची भाषा होती, हे डाइसमानने त्यांवरून दाखवले. मौल्टन व मिलिगन यांचा कोश (1914 ते 1929) अशाच कागदपत्रांवर उभा आहे. आज अभ्यासक बहुधा बाउअरचा कोश वापरतात. डँकरने सुधारलेली त्याची तिसरी इंग्रजी आवृत्ती 2000 साली निघाली.

आता वरील वचने घेऊ. एका वर्गात एका वृद्ध बाईंनी विचारले, "आत्मा हा विसार आहे, तर देव तो परत घेईल काय?" प्रश्न विद्वत्तेचा नव्हता, त्या बाईंना रात्री झोप लागत नव्हती.

मूळ शब्द 'अर्राबोन'. मौल्टन-मिलिगन उघडले की बाजारच भरतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात एक बाई गाय विकताना हजार द्राख्मा विसार घेते. पहिल्या शतकाच्या अखेरीस होरोस आपियोनला कळवतो की, लाम्पोन नावाच्या उंदीर धरणाऱ्याला तुमच्यातर्फे 8 द्राख्मा विसार दिला आहे, उंदरांची वीण वाढण्याच्या दिवसांतच त्याने ते धरावेत. तेवढे पैसे पाठवून द्या. (लाम्पोनने उंदीर धरले की नाही, हे पत्रात नाही.)

पण हाच शब्द ग्रीक जुन्या करारात उत्पत्ती 38:17-18 मध्येही येतो. तेथे यहूदा आपली मुद्रा, दोरी व काठी देतो, ती करडू पाठवून परत घेण्यासाठी. ते गहाण झाले. म्हणजे एका शब्दाचे दोन व्यवहार. आणि दोन्ही अर्थ एकाच वचनात ओतणे ही आम्हां उपदेशकांची नेहमीची चूक. जेम्स बार यांनी 1961 साली तिच्यावर कडक टीका केली. कोशात शब्द सापडल्यावर थांबू नये. आपले वचन कोणत्या अर्थाखाली घातले आहे ते पाहावे, मग मागचापुढचा मजकूर वाचून ते पटते का तेही पाहावे. कोशकारही चुकू शकतो.

इफिस 1:14 मध्ये वतनाची गोष्ट चालली आहे. वतन मिळाल्यावर परत करावयाची वस्तू तेथे नाही. पुढे मिळणाऱ्याचाच पहिला भाग आधी हाती आला आहे. बैलबाजारात विसार घेतलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. त्या बाईंना आम्ही एवढेच सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तो किमतीतलाच म्हणायचा," आणि चष्मा पुसू लागल्या.

पुढील वर्गासाठी शिक्षकांनी मत्तय 6:2, 5 व 16 पाहावे. तेथील 'अपेखो' हे क्रियापद पपायरसच्या पावत्यांत पैसे पुरते पोचल्याची नोंद म्हणून येते. आपल्याकडे पावतीवर 'भरून पावलो' लिहीत, तसेच. घरी एखादी जुनी पावती असेल तर मुलांना दाखवण्यास आणावी.