गाडीची उंची आणि कमानींचे काम

राजस्थानात जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर बस्सी हे गाव लागते. अशा गावातील पिकअप गाडीस एकाच दिवशी दोन प्रकारचे रस्ते तुडवावे लागतात. एक महामार्गाचा सपाट डांबरी रस्ता व दुसरा शेताकडे नेणारी खाचखळग्यांची वाट. पहिल्यावर गाडी बुटकी असणे हितावह असते, दुसऱ्यावर तेच अपायकारक ठरते. जुन्या गाडीची उंची कमी करू इच्छिणाऱ्याने हा विरोध प्रथम समजून घेतला पाहिजे.

उंची कमी केल्याने होणारा लाभ खरा आहे. समजा, डाव्या व उजव्या चाकांतील अंतर १५० सेंटिमीटर असून गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर आहे. निम्म्या अंतरास या उंचीने भागल्यास १ ही संख्या येते. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर खाली आणल्यास तीच संख्या सुमारे १.०७ होते. म्हणजे वळणावर गाडी उलटण्यास सुमारे सात टक्के अधिक जोर लागेल.

आता हानी पाहू. आस आणि सांगाडा यांमधील मोकळी जागा ही चाकाची वर उसळण्याची जागा होय. ती १० सेंटिमीटरांवरून ५ वर आणली असे मानू. कमान जी ऊर्जा सामावून घेते, ती तिच्या ताठरपणाच्या आणि दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून निम्म्या अंतरात तोच धक्का सोसण्यास कमान चौपट ताठर हवी. ती तशी नसेल तर आस सांगाड्याच्या रबरी ठोकळ्यावर आदळते. ती तशी केली तर रिकामी गाडी खडखडत उसळत राहते.

उंची कमी करण्याची रीत आसाच्या जागेवर अवलंबून असते. आस कमानीच्या वर असल्यास दोहोंमध्ये धातूचा ठोकळा बसवितात. आस खाली असल्यास ती कमानीच्या वर नेतात. मात्र तेव्हा गाडी फार खाली येते व सांगाडा आसाला लागू शकतो. पाटे तापवून वाकविणे हा मार्ग सर्वथा त्याज्य होय, कारण उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा भाराखाली बसतो किंवा तुटतो.

काही गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी झडप असते. गाडी खाली बसली की ही झडप ती भरलेली आहे असे समजते. मग रिकाम्या गाडीची मागील चाके ब्रेक दाबताच जखडतात व गाडी घसरते. म्हणून झडप पुन्हा जुळविणे आवश्यक असते. समोरील दिव्यांची दिशाही तपासावी लागते.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातील गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असतो. गाडी पूर्ण भरून तिच्या पोटाखालील अंतर मोजावे, म्हणजे ती असा गतिरोधक निर्धोक ओलांडील की नाही, हे कळेल.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून हत्यारे हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. गाडी किती खाली आणावी, हे डोळ्यांनी न ठरविता तिचा भार व तिची वाट पाहून ठरवावे.