नवा शिकाऊ टिकेल कसा?

हुनर शिकण्याची जागा आता नुसता कारखाना राहिलेली नाही. सुतार, शिंपी, मोटार मेकॅनिक, मोबाइल दुरुस्त करणारे, सगळेच व्हॉट्सॲपच्या गटांतूनही एकमेकांना विचारून शिकतात. परंतु नवा मुलगा एखादा साधा प्रश्न विचारतो, कोणीतरी थट्टा करतो आणि तो कायमचा गप्प बसतो. पुढे तो धंदाही सोडतो. मग हाताखाली माणूस मिळत नाही, ही तक्रार आपलीच!

हिजरतीनंतर (इ. स. ६२२) प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेत आलेल्या मुहाजिरांना गर्दीच्या भरवशावर सोडले नाही. एकेकाची एकेका अन्सारी बांधवाशी जोडी लावून दिली. हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराची वाट तेवढी विचारली. बनू कैनुकाच्या बाजारात पनीर व तूप विकून त्यांनी व्यापार उभा केला. नवख्याला वाट दाखवणारा एक ठराविक माणूस लागतो, तो असा. "कोणालाही विचार" म्हटले की तो कोणालाच विचारत नाही.

आपले पनवेल एकेकाळी बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवताना बरेच हात लागतात. आरे बसवणे नवख्याचे काम नव्हे, पण धावेवर पाणी ओतणे त्याला जमते. खरे काम पहिल्याच दिवशी हाती येते.

मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश २००३ साली सुरू झाला. तेथे अनोळखी माणसे एकमेकांकडून लिहायला शिकतात. नव्या सदस्याला स्वागताचा संदेश मिळतो, चर्चेला 'चावडी' आहे आणि सरावाला 'धूळपाटी'. पूर्वी मुले धूळ पसरलेल्या पाटीवर अक्षरे गिरवीत, तेच हे नाव. तेथे चुकले तरी कोणाचे नुकसान नाही. आपल्या दुकानातील चिंध्या आणि लाकडाचे तुकडे हीच शिकाऊची धूळपाटी. ते हिशेबात धरू नयेत.

चूक झाल्यावर काय करावे? हजरत मुआविया बिन हकम (रजि.) नवमुस्लिम असताना नमाजमध्ये बोलले. लोक रोखून पाहू लागले. प्रेषितांनी (स.) नमाज संपल्यावर त्यांना शांतपणे समजावले, रागावले नाहीत.

गट चालवणाऱ्यांना आमची सूचना अशी. नवा सदस्य आला की त्याच दिवशी एका जुन्या कारागिराचे नाव त्याला सांगावे. त्याने केलेल्या कामाचा फोटो मागवावा. दोष गटात न सांगता फोनवर सांगावा. ज्याला लिहिणे जमत नाही त्याला बोलून संदेश पाठवू द्यावा, मग तो कोकणीत बोलो की उर्दूत.