भिंतीचा स्पर्श



आपला ठाणे जिल्हा पाण्याचा शेजार लाभलेला जिल्हा आहे. ठाण्यास तलावांचे शहर म्हणतात. कल्याणापाशी उल्हास नदीची खाडी होते आणि डोंबिवलीवरून ती पुढे ठाण्याकडे जाते. तुमच्यापैकी पुष्कळांचे आजोबा गावच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून पोहावयास शिकले असतील. काठावरच्या वडील माणसाने मागून ढकलून द्यावे आणि नाकातोंडात पाणी गेले की हातपाय आपोआप हलू लागावेत, अशी ती शाळा होती. हल्ली तुम्ही पालिकेच्या तरणतलावावर शिक्षकाच्या नजरेखाली शिकता, आणि तुमच्यापैकी काहीजण शाळाशाळांच्या शर्यतींत उतरतात. त्या शर्यतींविषयी, विशेषतः त्यांच्या शेवटच्या क्षणाविषयी, चार गोष्टी सांगाव्यात या हेतूने हा लेख लिहिला आहे.

धावण्याची शर्यत व पोहण्याची शर्यत यांत एक मोठा भेद आहे. धावणाऱ्यास आपला प्रतिस्पर्धी दिसतो, लोकांचा जयघोष ऐकू येतो, आणि शेवटची फीत समोर ताणलेली असते. पोहणाऱ्याचे तोंड पाण्यात असते. शेजारचा पुढे आहे की मागे, हे त्यास श्वास घेताना क्षणभर दिसले तर दिसते. शिवाय शर्यतीचा निकाल दृष्टीने लागत नाही, स्पर्शाने लागतो. ज्याचा हात भिंतीला प्रथम लागेल तो पहिला. मुक्त शैलीत एक हात लागला तरी चालतो. परंतु ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लाय या प्रकारांत दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात, नाहीतर पोहणारा बाद ठरतो. येणेप्रमाणे महिनोन्महिन्यांच्या मेहनतीचा हिशेब पाण्याखालच्या एका स्पर्शावर होतो, आणि तो स्पर्श काठावरच्या माणसास धड दिसतही नाही.

हे मला कसे समजले ते प्रथम सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी ठाण्यात भरलेल्या एका आंतरशालेय स्पर्धेत मला पंचाचे काम दिले होते. पन्नास मीटरांच्या मुक्त शैलीच्या शर्यतीत दोन मुले अगदी बरोबरीने आली. एक आमच्याच शाळेचा होता, दुसरा डोंबिवलीचा. मी भिंतीवर वाकून उभा होतो. परंतु शेवटच्या क्षणी दोघांच्या हातांनी असे पाणी उडाले की फेसावाचून मला काहीएक दिसले नाही. सोबतचे पंच म्हणाले, "तुम्ही जवळ होतात, तुम्हीच सांगा." मी आमच्या मुलाचे नाव सांगितले. थोड्या वेळाने तो दुसरा मुलगा, अंग पुसण्याचेही भान नसलेला, मजजवळ आला आणि नम्रपणे म्हणाला, "सर, त्याचा हात आधी लागला, हे आपण पाहिलंत ना?" मी म्हणालो, "हो, पाहिलं." तो "बरं सर" म्हणून निघून गेला.

मी पाहिले नव्हते. कदाचित आमचाच मुलगा पहिला असेल. परंतु ते मला ठाऊक नव्हते, आणि जे ठाऊक नव्हते ते मी ठाऊक असल्याप्रमाणे एका मुलास सांगितले. पुढे या विषयावरचे वाचन करीत असता मला असे आढळून आले की, हीच अडचण जगातील थोर पंचांसही पडली होती, आणि तिच्यातून या खेळाचे नियम घडत गेले.

सन १९६० साली रोम येथील ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरांच्या मुक्त शैलीच्या अंतिम शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा जॉन डेविट व अमेरिकेचा लान्स लार्सन हे जवळजवळ एकदमच भिंतीला टेकले. तिघा वेळमापकांच्या घड्याळांत लार्सनची वेळ ५५.०, ५५.१ व ५५.१ सेकंद अशी आली आणि डेविटची तिन्ही घड्याळांत ५५.२. घड्याळांच्या साक्षीने लार्सन पहिला ठरत होता. परंतु त्या काळी क्रम ठरविण्याचा अधिकार घड्याळाला नव्हता, पंचांच्या डोळ्यांना होता. आणि पंचांचे मत दुभंगलेले होते. अखेर मुख्य पंचांनी डेविटच्या बाजूने निर्णय दिला. सुवर्णपदक डेविटला मिळाले, आणि गंमत अशी की दोघांचीही अधिकृत वेळ ५५.२ अशीच नोंदविली गेली. अमेरिकेने केलेली तक्रार मान्य झाली नाही. तथापि माणसाचे डोळे या कामास पुरे पडत नाहीत, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. सन १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून भिंतीवर स्पर्शफलक बसविण्यात आले. पोहणाऱ्याचा हात त्या फलकावर दाबला गेला की विजेचे घड्याळ त्याच क्षणी थांबते. लाटेचे पाणी आपटून ते थांबत नाही. त्यास हाताचाच दाब लागतो.

यंत्र आले म्हणजे शंका संपली असे तुम्हांस वाटेल. परंतु चारच वर्षांनी, सन १९७२ साली, म्युनिक येथे एक निराळाच पेच पडला. चारशे मीटरांच्या मिश्र शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन व अमेरिकेचा टिम मकी यांची वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत एकच आली : ४ मिनिटे ३१.९८ सेकंद. तेव्हा यंत्रातील सहस्रांशही पाहण्यात आले. एकाची वेळ ३१.९८१ व दुसऱ्याची ३१.९८३ निघाली, आणि सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी लार्सन विजयी ठरला. आता हे गणित तुम्हीच करून पाहा. चारशे मीटर अंतरास सुमारे २७२ सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदास साधारण दीड मीटर झाला. दोन सहस्रांश सेकंदात त्या वेगाने अंतर कापले जाईल अवघे तीन मिलिमीटर! एवढा फरक तर तलावाच्या बांधकामातच राहतो. एका रांगेची भिंत दुसरीहून काही मिलिमीटर मागे असली तर ती गवंड्याची चूक, पोहणाऱ्याची नव्हे. लार्सनचे पदक कायम राहिले; परंतु त्यानंतर नियम असा झाला की वेळ शतांशापर्यंतच मोजावी, आणि ती सारखी आली तर दोघांनाही सारखाच मान द्यावा. त्याप्रमाणे सन १९८४ साली लॉस एंजेलिस येथे शंभर मीटरांच्या मुक्त शैलीत नॅन्सी हॉग्सहेड व कॅरी स्टाइनसायफर या दोन अमेरिकन मुलींची वेळ ५५.९२ अशी एकच आली आणि दोघींच्याही गळ्यात सुवर्णपदक पडले.

सहस्रांश मोजणारे यंत्र हाती असताना त्याचा उपयोग न करण्याचा हा नियम मला मोठा शहाणपणाचा वाटतो. जेवढे खात्रीने कळते तेवढेच सांगावे आणि त्यापुढे बरोबरी मान्य करावी, असा त्याचा अर्थ आहे. ठाण्याच्या त्या दिवशी मलाही तसे करता आले असते.

आता पंचांकडून पोहणाऱ्यांकडे वळू. म्युनिकच्या त्या शर्यतीपूर्वी थोडेच दिवस, त्याच जर्मनीतील हायडेलबर्ग शहरी, अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत एक मराठी हात भिंतीला लागला. तो मुरलीकांत पेटकर यांचा. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरकडचे हे जवान सैन्यात मुष्टियुद्ध खेळत असत. सन १९६५ च्या युद्धात त्यांस अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग निकामी झाले. इस्पितळात उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. सन १९६८ साली तेल अवीव येथे ते टेबल टेनिस खेळले. सन १९७० साली एडिंबरो येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. आणि सन १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटरांची मुक्त शैली ३७.३३ सेकंदांत पोहून जागतिक उच्चांकासह सुवर्णपदक पटकाविले. अपंगांच्या ऑलिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. पायांचे साहाय्य नसता पोहणे म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे असेल तर पाय सैल सोडून नुसत्या हातांनी दहा मीटर जाऊन पाहा. देशाने मात्र त्यांस ओळखावयास फार विलंब लावला. पद्मश्री हा किताब त्यांना सन २०१८ साली मिळाला, म्हणजे त्या स्पर्शानंतर शेहेचाळीस वर्षांनी.

दुसरे उदाहरण कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे. सन २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते उतरले तेव्हा त्यांस सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. दोन वर्षांनी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले. सन १९८६ साली सोल येथे खजान सिंग यांनी रौप्यपदक आणल्यापासून चोवीस वर्षांत भारतास पोहण्यात आशियाई पदक मिळाले नव्हते. हा झाला यशाचा क्षण. परंतु मला त्यांचा दुसरा क्षण अधिक अभ्यासनीय वाटतो. सन २०१८ साली, तहसीलदाराची नोकरी सांभाळून, ते जाकार्ता येथे पुन्हा उतरले. पन्नास मीटर मुक्त शैलीच्या प्राथमिक फेरीत त्यांनी २२.४३ सेकंद हा राष्ट्रीय उच्चांक केला. अंतिम शर्यतीत त्यांची वेळ आली २२.४७. कांस्यपदक मिळविणाऱ्या जपानी खेळाडूची होती २२.४६. पुन्हा गणित करा : सेकंदाचा एक शतांश म्हणजे त्या वेगाने सुमारे सव्वादोन सेंटिमीटर, आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढे अंतर. सकाळी जे साधले तेवढेच पुन्हा साधते तर पदक त्यांचे होते.

एवढेसे अंतर कोठे जाते, असे तुम्ही विचाराल. ते पुष्कळदा शेवटच्या दोन हातांत जाते. भिंत जवळ आली असे वाटताच नवशिका पोहणारा मान वर करून पाहतो. मान वर झाली की कंबर खाली जाते आणि वेग मोडतो. कोणी शेवटचा हात मारावयाचे सोडून हात पुढे धरून नुसता वाहत राहतो. सन २००८ साली बीजिंगमध्येच शंभर मीटर बटरफ्लायमध्ये सर्बियाचा मिलोराद चाविच शेवटी हात लांबवून भिंतीकडे वाहत गेला, तर मागे असलेल्या मायकेल फेल्प्सने आणखी एक आखूड हात मारला. फेल्प्सची वेळ ५०.५८, चाविचची ५०.५९. म्हणून शिक्षक सांगतात की शेवटच्या काही हातांत श्वास घेऊ नये, मान खाली ठेवावी, आणि भिंतीवर थांबण्यासाठी न पोहता भिंतीपलीकडे जावयाचे आहे अशा जोराने हात लांबवावा. हे सर्व सरावाच्या वेळी दररोज करावे लागते. रोज भिंतीआधी दोन हात ढिला पडणारा मुलगा शर्यतीच्या दिवशी आपली सवय बदलू शकत नाही.

आणि भिंत ज्यांस दिसतच नाही त्यांनी काय करावे? अमरावतीच्या कांचनमाला पांडे या पूर्णतः दृष्टिहीन आहेत. सन २०१७ च्या डिसेंबरात मेक्सिको शहरी अपंगांच्या जागतिक जलतरण स्पर्धेत दोनशे मीटरांच्या मिश्र शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्यांच्या गटात सर्वांसच काळा चष्मा घालावा लागतो, म्हणजे कोणास अंधुकसाही प्रकाश दिसत असेल तर त्याचा लाभ मिळू नये. तलावाच्या प्रत्येक टोकाला एक साहाय्यक मऊ बोंडाची काठी घेऊन उभा असतो आणि भिंत जवळ येताच पोहणाऱ्याच्या अंगास हलकेच ती लावतो. त्या खुणेवर विश्वास ठेवून पूर्ण वेगाने वळावयाचे असते. खूण लवकर झाली तर वेळ फुकट जाते, उशिरा झाली तर डोके भिंतीवर आपटते. पाण्यातील मुलीचे यश आणि तिची सुरक्षितता ही दोन्ही काठावरच्या माणसाच्या खरेपणावर अवलंबून असतात.

हे वाचले तेव्हा मला पुन्हा ठाण्याचा तो तलाव आठवला. पाण्यात असलेल्या मुलास काठावरचे काही दिसत नाही. आपला हात केव्हा लागला एवढेच तो जाणतो. बाकीचे सर्व तो आपल्या शब्दावर घेतो. डोंबिवलीच्या त्या मुलाने माझा शब्द तसाच घेतला. आता तो पंचविशी ओलांडलेला गृहस्थ असेल. त्याचे नाव मी विसरलो आहे, चेहरा मात्र विसरलो नाही. त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे होते : "नाही बाळ, मला दिसलं नाही, तुम्ही दोघेही पहिले." ते उत्तर मी येथे देत आहे. हा अंक त्याच्या हाती पडेल न पडेल.

तुम्ही पाण्यात उतराल तेव्हा भिंतीला हात लागेपर्यंत थांबू नका. आणि पुढेमागे कोणाच्या शर्यतीचे पंच होऊन काठावर उभे राहाल, तेव्हा जे पाहिले नसेल ते पाहिले म्हणू नका.